सगळं पचवणारा सुपरहीरो

ज्वारीचं एक ताट घ्या. वरचं कणीस मळून दाणे काढले की त्यांची भाकरी होते आणि आपलं पोट भरतं. खालचं धाट वाळलं की त्याचा कडबा होतो आणि तो गोठ्यात जातो. कडब्यावर माणूस जगत नाही. भूक लागली म्हणून कोणी तो कुटून, उकडून, पीठ करून खाल्ला, तरी भरल्या पोटी उपास घडेल. गाय मात्र त्याच कडब्यावर जगते, वासराला वाढवते आणि वर चरवीभर दूध देते.

गोम अशी की दाणा आणि धाट यांतला मुख्य माल एकच आहे. दाण्यातलं पिष्ट म्हणजे ग्लुकोज या साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी. धाटातलं सेल्युलोज म्हणजेही ग्लुकोजच्याच रेणूंची लांबलचक साखळी. रोप एक, साखर एक, तरीही एक भाग आपलं अन्न आणि दुसरा आपल्या दृष्टीने लाकूड. असं का?

हे कोडं सोडवायला एका कॉमिक्समधल्या मुलाची फार मदत होते. त्याच्या शक्तीला त्याचे वाचक साठ वर्षं हसत आले आहेत. मला मात्र सगळ्या सुपरहीरोंमध्ये त्याचीच शक्ती सर्वांत मोलाची वाटते, आणि तसं का वाटतं ते या लेखात सांगायचं आहे.

तिसाव्या शतकातला टेन्झिल

सुपरमॅन १९३८ मध्ये छापून आला. त्याच्या दोन जनकांपैकी लेखक होता जेरी सिगल आणि चित्रकार जो शुस्टर. पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सिगल 'लीजन ऑफ सुपर-हीरोज' या मालिकेच्या कथा लिहीत होता. काळ तिसाव्या शतकाचा; निरनिराळ्या ग्रहांवरची तरुण मुलंमुली एकत्र येऊन दुष्टांशी लढतात, अशी ही मालिका. या संघात प्रवेश मिळायला एक अट होती. प्रत्येकाकडे स्वतःची अशी एक शक्ती हवी आणि ती दुसऱ्या कोणाकडे नको. संघाच्या तीन संस्थापकांपैकी एक जण वीज सोडतो, एक जण लोखंड खेचतो, एक मुलगी दुसऱ्याच्या मनातलं ओळखते. सदस्य वाढत गेले तशी नव्या शक्तींची चणचण भासू लागली. १९६१ मध्ये चेंडूसारखा टणाटण उड्या मारणारा एक मुलगा आला. १९६२च्या डिसेंबरात 'अॅडव्हेंचर कॉमिक्स'च्या ३०३व्या अंकात सिगल आणि चित्रकार जॉन फोर्ट यांनी टेन्झिल केमला आणलं. त्याचं सुपरहीरो म्हणून नाव मॅटर-ईटर लॅड, आणि त्याची शक्ती म्हणजे तो काहीही खाऊ शकतो. दगड, लोखंड, काच, जे समोर येईल ते.

कॉमिक्सने या शक्तीमागे एक कारण दिलं आहे आणि ते चांगलं विचार करून दिलेलं आहे. टेन्झिल बिस्मॉल नावाच्या ग्रहावरचा. तिथल्या सूक्ष्मजीवांनी ग्रहावरचं सगळं अन्न खाण्याच्या लायकीचं ठेवलं नाही. तेव्हा तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या बदलत गेली आणि कोणताही पदार्थ पचवू लागली. म्हणजे त्याच्या ग्रहावर ही शक्ती कोणा एकाची नाही; तिथल्या साध्यासुध्या माणसांचं ते रोजचं जेवण आहे.

लढाईत अशा मुलाचा उपयोग काय? गजाआड कोंडलं तर तो गज खाऊन बाहेर पडतो, एवढं सुचतं आणि पुढे कल्पना थांबते. पण १९७९च्या एका कथेत प्रसंग असा येतो, की मनातला विचार प्रत्यक्षात उतरवणारं एक यंत्र शत्रूच्या हाती लागण्याची वेळ येते. हे 'मिरॅकल मशीन' इतकं भयंकर की लीजनने ते इनर्ट्रॉन या अभेद्य धातूत बंद करून ठेवलेलं असतं. ग्रह हलवणारे, वीज पाडणारे सगळे हात टेकतात. टेन्झिल पुढे येतो आणि ते यंत्रच खाऊन टाकतो. विश्व वाचतं. त्या यंत्राच्या ऊर्जेने त्याचं स्वतःचं डोकं मात्र फिरतं, आणि त्यातून सावरायला त्याला फार काळ लागतो.

बाकीच्यांच्या शक्ती ढकलण्याच्या, जाळण्याच्या, फोडण्याच्या. टेन्झिलची शक्ती वस्तू सुटी करण्याची. जोडलेलं काही सुटं करता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे कळण्यासाठी आधी खाणं म्हणजे काय ते नीट पाहायला हवं.

गिळणं वेगळं, पचवणं वेगळं

खरोखरच लोखंड खाणारा एक माणूस होऊन गेला. मिशेल लोतितो हा फ्रान्समधल्या ग्रेनोबलचा, जन्म १९५०. सायकली, दूरचित्रवाणी संच, खरेदीच्या ढकलगाड्या असं काय काय तो लोकांसमोर खात असे. १९७८ ते १९८० या काळात त्याने सेसना १५० हे छोटं विमान थोडं थोडं करून खाल्लं. धातूचे बारीक तुकडे करायचे, तेल प्यायचं, भरपूर पाण्याबरोबर तुकडे गिळायचे, अशी त्याची रीत होती. त्याच्या जठराचं अस्तर नेहमीपेक्षा जाड होतं असं डॉक्टरांना आढळलं होतं.

त्या विमानातून त्याच्या शरीराला मिळालं काय? जवळजवळ काहीच नाही. तुकडे एका टोकाने आत गेले आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडले. आपलं तोंडापासून शेवटपर्यंतचं अन्नमार्गाचं भुयार तसं पाहिलं तर शरीराच्या बाहेरच आहे. त्या भुयारातली वस्तू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरली तरच ती 'आत' आली म्हणायचं. भिंत ओलांडायला ती फार लहान व्हावी लागते, अगदी एकेका रेणूएवढी. दातांनी कितीही बारीक केलं तरी तो आकार गाठता येत नाही. चावल्यावर भाकरीचे तुकडे होतात, पण पिष्टाची साखळी साखळीच राहते. ती तोडणं हे पचन.

हे घरच्या घरी अनुभवता येतं. भाकरीचा एक कोरडा घास तोंडात धरा आणि गिळायची घाई न करता चावत राहा. थोड्या वेळाने तो गोड लागू लागतो. बाहेरून साखर घातलेली नाही; लाळेतल्या अमायलेजने पिष्टाची साखळी तोडून गोड तुकडे सुटे केले. अमायलेज हे एक एन्झाइम आहे, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकांतलं विकर. जिवंत पेशी बनवते असं एक प्रथिन, जे एखादी ठरावीक रासायनिक क्रिया प्रचंड वेगाने घडवून आणतं आणि स्वतः खर्ची पडत नाही.

पोत्याची शिलाई

आता मूळ कोड्याकडे येऊ. लाळेतलं विकर दाण्यातल्या ग्लुकोजची साखळी तोडतं, मग धाटातल्या ग्लुकोजची का नाही?

धान्याच्या पोत्याचं तोंड मशीनवर शिवलेलं असतं. ज्याला ठाऊक आहे तो बरोबर बाजूचं टोक धरतो, एक हिसका देतो आणि शिलाई सर्रकन या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवते. दुसऱ्या बाजूने ओढलं की दोरा आवळला जातो आणि शेवटी विळी आणावी लागते. दोरा दोन्हीकडे तोच. फरक टाका कुठल्या अंगाने घातला आहे याचा. पिष्ट आणि सेल्युलोज यांतला फरक नेमका एवढाच आहे. दोन ग्लुकोज रेणूंना जोडणारा बंध पिष्टात एका अंगाने असतो, सेल्युलोजमध्ये दुसऱ्या अंगाने. रसायनशास्त्रज्ञ पहिल्याला अल्फा आणि दुसऱ्याला बीटा म्हणतात.

एवढ्याशा फरकाने पुढचं सगळं बदलतं. अल्फा बंधाची साखळी वळत वळत गुंडाळी होते, सैल राहते, पाण्यात फुगते. म्हणून शिजवलेला भात मऊ होतो. बीटा बंधात प्रत्येक ग्लुकोज शेजाऱ्याच्या मानाने पालथा पडलेला असतो, त्यामुळे साखळी सरळसोट राहते. अशा सरळ साखळ्या एकमेकींना लगटून बसतात, पाण्यालाही आत शिरू देत नाहीत, आणि त्यांचा घट्ट धागा होतो. कापूस हा जवळपास शुद्ध सेल्युलोज आहे. आपण ग्लुकोजचे कपडे अंगावर घालतो आणि पावसात ते विरघळत नाहीत, याचं कारण तो टाका.

विकराच्या रेणूत एक खोबण असते. तोडायचा बंध त्या खोबणीत ठरावीक कोनात बसला तरच काम होतं. आपल्या अमायलेजची खोबण अल्फा बंधाच्या मापाची आहे. बीटा बंध तोडणारं विकर, म्हणजे सेल्युलेज, बनवण्याची कृती माणसाच्या जनुकांत नाही. भूक किती आहे, दात किती मजबूत आहेत, जठरात आम्ल किती तीव्र आहे, याने काही फरक पडत नाही. टाका उसवणारं विकर नसलं की अन्न समोर असूनही ते अन्न नसतं.

गाईच्या पोटातली दुनिया

मग गाईच्या जनुकांत ती कृती असेल असं वाटेल. तिथेही नाही. गाय स्वतः सेल्युलोज पचवत नाही. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि त्यातला पहिला, कोटीपोट, शंभर लिटरहून मोठा असतो. त्यात जिवाणू, आदिजीव आणि बुरश्या यांची अफाट वस्ती आहे. कडब्याचा बीटा बंध तोडतात ते हे सूक्ष्मजीव. हवा नसलेल्या त्या अंधाऱ्या उबेत ते सुटलेल्या साखरेवर जगतात आणि टाकाऊ म्हणून काही आम्लं सोडतात. व्हिनेगरमधलं अॅसेटिक आम्ल त्यांतलं मुख्य. ही आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतून गाईच्या रक्तात उतरतात आणि तीच तिची मुख्य ऊर्जा. म्हणजे गाय ग्लुकोजवर कमी आणि जंतूंनी टाकलेल्या आम्लांवर जास्त जगते. पुढच्या कप्प्यांत ती त्या जंतूंनाही पचवते आणि त्यांच्यातून तिला प्रथिनं मिळतात.

रवंथ करणारी गाय निवांत बसलेली दिसते, पण तो तिचा कामाचा वेळ आहे. गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून ती दिवसातले सहा-आठ तास चावते, म्हणजे जंतूंना चिकटायला जास्त पृष्ठभाग मिळतो. चावताना शंभर लिटरच्या आसपास लाळ पोटात जाते. ती लाळ अल्कधर्मी असल्याने आम्लांनी कोटीपोट आंबट होऊन जंतू मरत नाहीत. गाय आपल्या पोटातल्या वस्तीची निगा राखते आणि वस्ती गाईला पोसते.

वाळवीची तऱ्हा याहून विलक्षण. आपल्याकडच्या वारुळांत राहणाऱ्या बऱ्याच वाळव्या लाकूड आणि पाचोळा चावून वारुळात आणतात आणि त्याच्या लगद्यावर चक्क बुरशीची शेती करतात. ही बुरशी टणक लगदा मऊ करते आणि वाळवी तो खाते. पावसाळ्याच्या सुरुवातीला वारुळातून पांढऱ्या छत्र्या वर येतात, कोकणात ज्या अळंबीसाठी लोक पहाटे रान धुंडाळतात आणि गोव्यात ज्यांना चांगलाच भाव मिळतो, त्या या शेतातल्याच.

| चौकट: कोण काय तोडतं |
|---|
| माणसाची लाळ पिष्टाचा अल्फा बंध तोडते. कोटीपोटातले जंतू सेल्युलोजचा बीटा बंध तोडतात. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन पूर्ण तोडणं सगळ्यांत अवघड. ते मुख्यत्वे काही बुरश्यांनाच जमतं, आणि त्यांनी पोखरलेलं लाकूड पांढुरकं, तंतूतंतू होतं. या तिन्ही ठिकाणी तोडणारं हत्यार विकर हेच आहे आणि प्रत्येक बंधाला विकर वेगळं लागतं. |

समजा, ही मंडळी एका रात्रीत नाहीशी झाली. पाचोळा पडेल तसा पडून राहील. मेलेली झाडं, मेलेली जनावरं, शेण, सगळं साचत जाईल. त्यांच्यात अडकलेला कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस पुन्हा मातीत आणि हवेत येणार नाही. काही काळाने नव्या रोपाला वाढायला कच्चा माल उरणार नाही. वनस्पती जोडत राहतात आणि कोणीतरी ते सुटं करत राहतं, म्हणून निसर्गाचा व्यवहार चालू आहे. जोडणाऱ्यांचं कौतुक आपण पाठ्यपुस्तकापासून करतो. सुटं करणाऱ्यांना मात्र कुजवणारे, सडवणारे म्हणून नाकं मुरडतो. टेन्झिल ज्या हसण्याचा धनी झाला, त्याचंच हे मोठं रूप आहे.

ज्याला खाणारं कोणी नव्हतं

गेल्या शंभर वर्षांत माणसाने असे बंध बांधले जे पृथ्वीवर आधी नव्हते, निदान त्या रूपात नव्हते. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक पीईटी हे १९४१ मध्ये ब्रिटनमधल्या व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधलं आणि त्याच्या बाटलीचं पेटंट १९७३ मध्ये झालं. जंतूंच्या दृष्टीने हा पदार्थ अगदी कालचा.

२०१६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एक बातमी दिली. ओसाकाजवळच्या साकाई शहरात जुन्या बाटल्यांवर प्रक्रिया करणारा एक कारखाना आहे. तिथल्या आसपासच्या गाळमातीचे नमुने आणून त्यांनी पीईटीच्या पातळ फितीबरोबर ठेवले. एका नमुन्यात फीत झिजू लागली. त्यातून त्यांनी एक जिवाणू वेगळा केला आणि त्याला गावाचं नाव दिलं, इडिओनेला साकाएन्सिस. हा जिवाणू पीईटीला चिकटतो आणि दोन विकरं सोडतो. पहिलं लांब साखळीचे तुकडे पाडतं, दुसरं त्या तुकड्यांचे मूळ घटक सुटे करतं. ३० अंश सेल्सिअस तापमानाला पातळ फीत सुमारे सहा आठवड्यांत संपली.

बिस्मॉलची कथा आता आठवावी. तिथे अन्न नासलं म्हणून माणसं बदलली. इथे माणसाने नवा पदार्थ ढिगाने टाकला आणि तो खाऊ शकेल असा जंतू पुढे आला. हे विकर शून्यातून आलेलं नाही. पानांवर मेणासारखा जो थर असतो त्यात क्युटिन नावाचा पदार्थ असतो आणि तो तोडणारी विकरं कुजवणाऱ्या जंतूंकडे फार पूर्वीपासून आहेत. क्युटिनमध्ये आणि पीईटीमध्ये जोडणीचा बंध एकाच जातीचा आहे. त्याला एस्टर बंध म्हणतात. जुन्या विकराच्या खोबणीत थोडा फेरफार झाला की ते नव्या कामाला लागतं. जंतूंची पिढी काही तासांची किंवा दिवसांची असते, त्यामुळे असे फेरफार लवकर पारखले जातात.

याच ओळखीचा फायदा घेऊन फ्रान्समधल्या कार्बिओस या कंपनीने आणि तुलूझच्या संशोधकांनी २०२० मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. त्यांचं मूळ विकर सापडलं होतं जपानमध्ये, पाल्यापाचोळ्याच्या कंपोस्टमध्ये. कंपोस्टचा ढीग ज्याने उकरला आहे त्याला माहीत असतं की आतून वाफ येते, हात घालवत नाही. म्हणून तिथल्या जंतूंची विकरं उष्णता सोसतात. आणि पीईटीला उष्णता हवीच असते. साधारण ७० अंशांच्या आसपास त्याच्या आवळलेल्या साखळ्या सैल पडतात आणि विकराला बंध सापडतो. संशोधकांनी विकरात मोजके बदल केले आणि ७२ अंशांवर दहा तासांत बारीक केलेल्या पीईटीपैकी ९० टक्के त्याच्या मूळ घटकांत सुटं केलं. त्या घटकांपासून पुन्हा नव्या बाटल्याही बनवून दाखवल्या.

अलास्काचा किनारा आणि आपला गोठा

२४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढलं आणि सुमारे चार कोटी लिटर खनिज तेल समुद्रात सांडलं. त्याआधी अमेरिकेत आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय शास्त्रज्ञाने तेलातले अनेक घटक एकाच वेळी खाणारा जिवाणू प्रयोगशाळेत घडवला होता. सजीवाचं पेटंट घेता येतं का, यावरचा त्यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने लागला. साहजिकच वाटेल की अलास्कात तोच जिवाणू सोडला असेल.

तसं झालं नाही. तेल खाणारे जंतू त्या किनाऱ्यावर आधीपासून होते. समुद्रतळाच्या भेगांतून तेल थोडं थोडं झिरपतच असतं, आणि त्यावर जगणारे जीव जगभरच्या समुद्रांत आहेत. त्यांची अडचण वेगळी होती. तेलात कार्बन मुबलक, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस नाहीत, आणि नायट्रोजनावाचून प्रथिनं बनत नाहीत. खाणं डोंगराएवढं पडलेलं असूनही जंतूंची संख्या वाढेना. तेव्हा किनाऱ्यावरच्या गोट्यांवर खत फवारलं गेलं आणि बऱ्याच ठिकाणी तेल विघटनाचा वेग वाढला. खोल मुरलेलं तेल मात्र हवा न मिळाल्यामुळे वर्षानुवर्षं तसंच राहिलं.

आपल्या दूध उत्पादकांना ही युक्ती परकी वाटणार नाही. वाळल्या कडब्याला किंवा भाताच्या पेंढ्याला मोजून मापून युरियाची प्रक्रिया करतात, ती याच कारणाने. नुसत्या कडब्यात कार्बन आहे, नायट्रोजन फार थोडा. युरियातला नायट्रोजन मिळाला की कोटीपोटातले जंतू वाढतात आणि तोच निकृष्ट चारा अंगी लागतो. प्रमाण चुकलं तर विषबाधा होते, म्हणून हे काम पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावं. पण अलास्कातला अभियंता आणि गोठ्यातला शेतकरी दोघंही करतात ते एकच: खाणाऱ्या जंतूला जे कमी पडतंय ते पुरवतात.

टेन्झिलला जमतं, पण इथे कोणालाच जमत नाही

आता कॉमिक्स जिथे विज्ञानापासून दूर जातं ते ठिकाण. पचन म्हणजे बंध तोडणं. लोखंडाचा अणू, पाऱ्याचा अणू, युरेनियमचा अणू हे काही बंधाने जोडून बनलेले नाहीत. ते मूलद्रव्यांचे अणू आहेत. कोणतंही विकर त्यांना आणखी सुटं करू शकत नाही. जंतू फार तर त्यांची अवस्था बदलतात. टायटॅनिकच्या बुडालेल्या सांगाड्यावर गंजाचे झुंबरासारखे घोस लोंबत आहेत. त्यांतून शास्त्रज्ञांनी वेगळ्या केलेल्या एका जिवाणूला २०१० मध्ये हॅलोमोनास टायटॅनिसी असं नाव मिळालं. असे जीव जहाज गंजवायला हातभार लावतात, पण लोखंड गंजाच्या रूपात उरतंच. जिओबॅक्टर हे जिवाणू पाण्यात विरघळणाऱ्या युरेनियमचं न विरघळणाऱ्या रूपात रूपांतर करतात. त्यामुळे ते भूजलाबरोबर वाहत जात नाही, पण नाहीसंही होत नाही.

कधी कधी हा बदल घातक ठरतो. पाण्यातल्या गाळातले काही जिवाणू साध्या पाऱ्यापासून मिथिल मर्क्युरी बनवतात. हे रूप माशांच्या शरीरात साठतं आणि लहान मासा, मोठा मासा, माणूस असं चढत जातं. कडबा पचवणाऱ्या कोटीपोटातूनही मिथेन बाहेर पडतो. एक गाय दिवसाला शेकडो लिटर मिथेन ढेकरांतून सोडते आणि तो वायू पृथ्वी तापवतो. खाल्लेली वस्तू कुठेतरी जातेच. या एका बाबतीत १९७९ची ती कथा मला फार खरी वाटते. टेन्झिलने यंत्र खाल्लं म्हणून त्यातली ऊर्जा विरून गेली नाही, ती त्याच्या अंगात उतरली आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागली.

पिशवीतल्या अळ्या

पीईटीत निदान एस्टर बंध आहे, जंतूला धरायला एक ओळखीचा टाका आहे. बाजारातली पातळ पिशवी पॉलिथिनची असते. त्यात कार्बनला कार्बन, कार्बनला कार्बन, अशी एकसुरी साखळी. मध्ये ऑक्सिजन नाही, नायट्रोजन नाही, विकराला पकडायला जागा नाही. म्हणून पिशवी टिकते.

फेदेरिका बेर्तोक्कीनी या स्पेनमध्ये काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञ हौसेने मधमाश्या पाळत. त्यांच्या पोळ्यांना मेणपतंगाच्या अळ्या लागल्या होत्या. त्यांनी अळ्या वेचून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकल्या, आणि थोड्या वेळाने पाहतात तर पिशवीला भोकं पडून अळ्या बाहेर फिरतायत. पुढे प्रयोगांत चाळीसेक मिनिटांत भोकं दिसू लागली. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. या अळ्या पोळ्यातलं मेण खातात आणि मेणाच्या रेणूतही कार्बनची लांब साखळी असते, तेव्हा हा दावा तर्काला धरून होता.

लगेच इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. अळीने पिशवी पचवली की नुसती कुरतडली? भोक पडलं याचा अर्थ बंध तुटला असा होत नाही. लोतितोने विमान गिळलं होतं, पचवलं नव्हतं. प्रश्न तोच होता, आणि विचारायलाच हवा असा होता. बेर्तोक्कीनी आणि सहकारी कामाला लागले. २०२२ मध्ये त्यांनी अळीच्या लाळेतली दोन विकरं वेगळी काढून दाखवली. खोलीच्या तापमानाला, पाण्यात, काही तासांत ही विकरं पॉलिथिनच्या साखळीत ऑक्सिजन घुसवतात. त्या गुळगुळीत साखळीवर पकडायला पहिली जागा तयार करण्याचं काम ती करतात. तिथून पुढे साखळी पूर्ण सुटी करणं हे अजून व्हायचं काम आहे.

अळ्याच कचऱ्याच्या ढिगावर सोडून देऊ, असा विचार मात्र कोणी करत नाही. मेणपतंग हा पोळ्यांचा जुना शत्रू. महाबळेश्वरपासून स्पेनपर्यंत मधपाळ त्याला हाकलत असतात. मधमाश्या गेल्या तर परागीभवन जाईल. म्हणून शोध अळीचा नाही, तिच्या लाळेतल्या प्रथिनाचा चालू आहे. ते प्रथिन कारखान्यातल्या टाकीत, एखाद्या निरुपद्रवी जंतूकडून, पुरेशा प्रमाणात बनवून घेता येईल का, आणि टनावारी पिशव्यांवर ते पुरेशा वेगाने चालेल का, या दोन प्रश्नांवर आता प्रयोगशाळांमध्ये काम चालू आहे.